सांतियागोच्या वाटेवर, द्राक्षमळ्यांतून

व्हिसाच्या अर्जात पहिला गुंता झाला तो देशाचा. 'कामिनो फ्रान्सेस' ही वाट सुरू होते फ्रान्समधल्या सेंट-झाँ-पिए-द-पोर या गावात, पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनमध्ये उतरते आणि उत्तर स्पेन आडवा कापत सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपाशी संपते. अंतर सुमारे ७८० किलोमीटर. येशूचा शिष्य असलेल्या संत जेम्सची समाधी तिथे आहे या श्रद्धेने हजारेक वर्षं लोक ही वाट चालताहेत. मग अर्ज फ्रान्सकडे करायचा की स्पेनकडे? शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम सोपा आहे: जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. आमची फ्रान्समध्ये एकच रात्र होती, म्हणून स्पेन.

'आमची' म्हणजे माझी आणि माझ्या नणंदेची. ताई एकसष्ट वर्षांच्या, माळकरी, आळंदी ते पंढरपूर वारी अनेकदा पायी केलेल्या. मी बावन्न वर्षांची, माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागेत वाढलेली. ताईंना चालायचं होतं. मलाही चालायचं होतं, शिवाय ज्या मळ्यांतून दिवसभर जाऊ त्याच मळ्यांची वाइन संध्याकाळी चाखायची होती. निघण्यापूर्वी घरात याच गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. "यात्रेला जाऊन वाइन?" असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा उत्तर ताईंनीच दिलं: "तिथे ती जेवणाबरोबर वाढतात, आई. मी घेणार नाही, ती घेईल."

अर्ज जून २०२४मध्ये केला. मुंबईच्या केंद्रातली भेटीची वेळ मिळवणं हेच सगळ्यात कठीण निघालं. रोज सकाळी संगणक उघडायचा, तारखा नाहीत, बंद करायचा. शेवटी जुलैच्या मध्यावरची वेळ मिळाली. त्याच जूनमध्ये व्हिसाचं शुल्क ८०वरून ९० युरो झालं होतं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो तो वेगळा. राहण्याच्या आरक्षणाचा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण यात्रेकरूंच्या धर्मशाळा, म्हणजे आल्बेर्गे, त्यांतल्या सरकारी सहसा आरक्षण घेत नाहीत. जो आधी पोचेल त्याला खाट. आम्ही मोठ्या शहरांतल्या रात्रींची रद्द करता येणारी आरक्षणं केली आणि बाकीच्या मुक्कामांचा तक्ता केला: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर. तो तक्ता आणि कामिनो म्हणजे काय हे सांगणारं एक पानी पत्र अर्जाला जोडलं. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, परतीची तिकिटं नेहमीसारखीच. बोटांचे ठसे दिले. पासपोर्ट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरी आला. ते तीन आठवडे मी रोज चालण्याचा सराव करत होते आणि रोज मनात येत होतं की व्हिसा नाही आला तर या सगळ्याचं काय करायचं.

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन ८ सप्टेंबरला झालं आणि दुसऱ्या रात्री आम्ही निघालो. माद्रिद, तिथून रेल्वेने पाम्प्लोना, तिथून बसने सेंट-झाँ. गावातल्या चढत्या दगडी रस्त्यावर यात्रेकरू कार्यालय आहे. तिथे स्वयंसेवक बसतात. थोडे युरो देऊन क्रेडेन्सियल घेतलं. हा यात्रेकरूचा परवाना: घडीचं पुस्तक, ज्यात रोजच्या मुक्कामाचे शिक्के घ्यायचे. याच्याशिवाय आल्बेर्गेत खाट मिळत नाही आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. तिथेच पेटीत दान टाकून पाठीच्या पिशवीला बांधायचा शिंपला, ही यात्रेकरूची खूण, घेतला. ताईंनी तो कपाळाला लावला आणि मगच बांधला.

पहिला दिवस सगळ्यात अवघड असतो, हे खरं आहे. जवळपास १७० मीटर उंचीवरून लेपोएदेरच्या खिंडीत १,४०० मीटरच्या वर चढायचं आणि मग रोन्सेसवाल्येसला उतरायचं. नोव्हेंबर ते मार्च ही डोंगरवाट बंद असते, तेव्हा वालकार्लोसच्या खालच्या वाटेने जावं लागतं. आम्हाला धुकं आणि वारा लागला. चढणीपेक्षा उतारावर गुडघे जास्त बोलले, आणि दुसऱ्या दिवशीचा झुबिरीचा दगडी उतार तर त्याहून वाईट. काठ्या दोन घ्या, एक नव्हे.

रोन्सेसवाल्येसला यात्रेकरूंचं ठरावीक जेवण, 'मेनू देल पेरेग्रिनो', पहिल्यांदा समोर आलं. वाटेवर सगळीकडे हे मिळतं, साधारण १२ ते १५ युरोंत: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, गोड, आणि 'वीनो ओ आग्वा', म्हणजे वाइन किंवा पाणी. वाइनचे वेगळे पैसे नाहीत. दोघींच्या टेबलावर एक बाटली वाइन आणि एक बाटली पाणी आलं. ताईंनी पाण्याची ओढून घेतली. पूर्ण बाटली एकटीने पिणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. मी एक पेला घेतला आणि बाटली शेजारच्या टेबलावर सरकवली. तिथे बसलेल्या दोघी इटालियन बहिणी पुढे कितीतरी मुक्कामांवर आम्हाला भेटत राहिल्या.

हा सारा मुलूख नवाराचा. नवारा ओळखला जातो तो गार्नाचा द्राक्षाच्या गुलाबी वाइनसाठी, 'रोसादो'साठी. काळ्या द्राक्षाचा रस सालींबरोबर थोडेच तास ठेवून काढून घेतात, म्हणून तो रंग. पाम्प्लोनात उन्हाने तापून पोचल्यावर थंडगार रोसादोचा पेला घेतला. वास स्ट्रॉबेरीचा, पण चवीला अजिबात गोड नाही. दुपारी चालणं संपल्यावर पहिला पेला घ्यायचा असेल तर तो रोसादोचाच घ्यावा, असं माझं मत आहे. तांबडी रात्रीच्या जेवणाबरोबर.

आल्तो देल पेर्दोनच्या डोंगरावर वारा कापत चालणाऱ्या यात्रेकरूंच्या लोखंडी आकृत्या आहेत. तिथून उतरलं की पुएन्ते ला रेइना, मग एस्तेया. बाराव्या शतकातल्या एका यात्रामार्गदर्शिकेत एस्तेयाचा पाव चांगला आणि वाइन उत्तम असं लिहून ठेवलंय. आजही तसंच आहे.

एस्तेयाच्या पुढे, आयेगी गाव ओलांडल्यावर, इराचेचा मठ लागतो आणि त्याच्या अलीकडे बोदेगास इराचे या वाइनघराच्या भिंतीत तो प्रसिद्ध वाइनचा नळ. १९९१ साली त्यांनी तो यात्रेकरूंसाठी बसवला. स्टीलच्या पाट्यावर दोन तोट्या: डावीकडे वाइन, उजवीकडे पाणी. वर मोठा शिंपला कोरलेला. शेजारच्या पाटीवर यमकात लिहिलंय की आनंदाने प्या, पण अति करू नका, आणि बरोबर न्यायची असेल तर विकत घ्या. एस्तेयापासून हे अंतर थोडंच आहे, त्यामुळे सगळे सकाळीच पोचतात. दुपारनंतर टाकी रिकामी झाल्याचंही ऐकलं, म्हणून सकाळीच जावं. माझ्या पुढे एक कोरियन काका उभे होते. त्यांनी आपला शिंपला सोडला, तोटीखाली धरला, धार अगदी बारीक ठेवली आणि दोन घोट दोन्ही हातांनी प्यायले, आपण तीर्थ घेतो तसे. मग रुमालाने तोटी पुसून माझ्यासाठी बाजूला झाले. मीही शिंपल्यातूनच घेतली. तरुण, थोडी आंबट तांबडी वाइन, रिकाम्या पोटी दोन घोटांपुढे नकोच. ताईंनी उजव्या तोटीचं पाणी घेतलं आणि बाटल्या भरून घेतल्या. ते फार उपयोगी पडलं, कारण पुढे विल्यामायोर दे मोन्हार्दिनपासून लोस आर्कोसपर्यंत बाराएक किलोमीटर गाव नाही.

त्या बारा किलोमीटरवर मला माहेर फार आठवलं. पण मळे वेगळे. आमच्याकडे मंडपावर किंवा वाय आकाराच्या तारांवर वेल चढवतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. इथे जुन्या वेलींना तार नाही, मंडप नाही. गुडघ्याएवढं खोड, त्यातून फुटलेले हात, झुडपासारखी वेल जमिनीशी बसलेली. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, कारण थंडीत इथली वेल पूर्ण झोपते. आमच्याकडे ती झोपत नाही, म्हणून दोनदा छाटून तिच्याकडून वर्षाचं चक्र करून घ्यावं लागतं. घड आमच्या थॉम्पसन द्राक्षांपेक्षा लहान, मणी काळे, जाड सालीचे. एका बांधावर काम करणाऱ्या आजोबांनी हाक मारून एक घड दिला. बी दाताखाली आलं, साल चिवट आणि गर अतिशय गोड. न विचारता घड तोडू नका, एवढं मात्र प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. रोज शेकडो माणसं त्या बांधावरून जातात.

लोग्रोन्यो ही ला रिओहा या वाइनसाठी प्रसिद्ध प्रांताची राजधानी. २१ सप्टेंबरच्या आसपास तिथे संत मातेओचा उत्सव असतो आणि तोच द्राक्षकाढणीचा उत्सव. त्यासाठी आम्ही मुक्काम वाढवला. आल्बेर्गेत साधारणपणे एकच रात्र राहता येतं, म्हणून खोली घ्यावी लागली आणि उत्सवामुळे ती महाग पडली. याच दिवसांत जाणार असाल तर लोग्रोन्योची खोली निघण्याआधीच ठरवा. एस्पोलोनच्या बागेत पारंपरिक वेशातली माणसं लाकडी घंगाळात अनवाणी द्राक्षं तुडवतात आणि निघालेला पहिला रस वाल्वानेराच्या मातेला, म्हणजे ला रिओहाच्या देवीला, अर्पण करतात. तो रस मूर्तीपुढे नेताना गर्दी एकदम गप्प झाली. ताई हात जोडून उभ्या होत्या. "पहिलं पीक देवाला. आपल्यासारखंच की गं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी काये लाउरेल. ही एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना खेटून बार, आणि बऱ्याच बारांचा आपापला एक ठरलेला पदार्थ. उभ्यानेच एक पेला आणि एक घास घ्यायचा, पुढच्या बारमध्ये जायचं. कुठली वाइन मागायची ते आधी कळून घेतलं होतं. नुसतं 'वीनो' म्हटलं की वर्षाच्या आतली तरुण वाइन मिळते, 'क्रियांसा' म्हटलं की किमान एक वर्ष ओकच्या पिंपात राहिलेली. रिओहाच्या बाटलीच्या मागच्या चिठ्ठीचा रंग पाहिला तरी कळतं: हिरवी साधी, लाल क्रियांसा, गडद तांबडी रेसेर्वा, निळी ग्रान रेसेर्वा. रेसेर्वा तीन वर्षं मुरते, ग्रान रेसेर्वा पाच. तेम्प्रानियो द्राक्षाच्या क्रियांसाला पिंपातला व्हॅनिलाचा हलका वास येतो. पेला दोन-तीन युरोंत मिळाला. ताईंसाठी तव्यावर लसूण-तेलात परतलेले मश्रूम मागितले, वर टोचलेली कोळंबी काढून. बटाट्याचे काप मिळाले. ताई अंडंही खात नाहीत, त्यामुळे तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, बाद. सॅलडवर न सांगता ट्यूना घालतात, म्हणून 'सिन आतून', म्हणजे ट्यूनाशिवाय, हे शब्द पाठ करून ठेवा. मसुरीच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असू शकतो, ते विचारून घ्या.

खरं तर ताईंचं पोट चाललं ते थालीपिठाच्या भाजणीवर आणि मेतकुटावर. स्वयंपाकघर असलेला आल्बेर्गे शोधायचा, दुकानातून कांदा आणायचा. नाहेराला लाल कड्यांच्या पायथ्याशी मुक्काम होता, तिथे ताईंनी थालीपिठं लावली आणि खोलीतली सगळी माणसं वासाने जमा झाली. तिखट थालीपीठ आणि तरुण रिओहा यांची जोडी अतिशय छान लागते, हे मी खात्रीने सांगते. पिंपातली वाइन मात्र तिखटाबरोबर कडवट लागते.

ला रिओहाच्या शेवटच्या गावात, ग्रान्योनमध्ये, चर्चच्याच इमारतीत मुक्काम असतो. खाट नाही, जमिनीवर गाद्या. दानपेटी उघडी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा. त्या रात्री लांब टेबलावर वाइनने भरलेले जग हातोहात फिरत होते आणि आमच्या बाजूला कोणी उठेना. ताई उठल्या, जग घेतला आणि ओळीने सगळ्यांचे पेले भरत गेल्या, पंगतीत आमटी वाढतात तशा, "आणखी?" असं मराठीतच विचारत. मला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटलं. माळ गळ्यात तशीच होती. नंतर म्हणाल्या, "मी पीत नाही म्हणून वाढूही नको का?"

बुर्गोस ते लिओन हे जवळजवळ १८० किलोमीटरचं पठार, मेसेता. कापलेल्या गव्हाचे सड, सरळ रस्ता, सावली नाही. वाटेवर मळे जवळजवळ नाहीतच, पण बारमध्ये दक्षिणेकडच्या रिबेरा देल दुएरोची दमदार वाइन मिळते. मी तिथे कमी प्यायले. कार्रियोनच्या पुढे सतरा किलोमीटर गाव नाही आणि त्याच्या आदल्या रात्री पाणी हेच औषध. दुपारी उन्हात 'तिंतो दे वेरानो' घ्यायचे, म्हणजे तांबड्या वाइनमध्ये लिंबूसोडा आणि बर्फ. पायाच्या फोडांनी याच टप्प्यात छळलं. दुखऱ्या गुडघ्यासाठी गोळी घेतली त्या दिवशी वाइन पूर्ण बंद, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनीही तेच बजावलं होतं.

क्रुस दे फेर्रोच्या लोखंडी क्रुसापाशी लोक घरून आणलेला दगड ठेवतात. ताईंनी गोदावरीतला ठेवला. तिथून उतरलं की पोन्फेर्रादा आणि बिएर्सोचं खोरं, आणि या सगळ्या वाटेवर मला सगळ्यात आवडलेली वाइन इथली आहे. चारी बाजूंनी डोंगर, मधे खोलगट, आणि उतारांवर मेन्सिया नावाच्या काळ्या द्राक्षाच्या जुन्या वेली. काम्पोनाराया सोडताना वाटेलाच लागून शेतकऱ्यांची वाइन सहकारी संस्था आहे. ट्रॅक्टर द्राक्षांच्या ट्रॉल्या घेऊन येत होते. मेन्सियाला करवंदाची आठवण करून देणारी चव आहे, आंबट-गोड, मागे थोडी मिरीसारखी झणझणीत. पिंपाचा वास नाही, जड नाही. पांढरी हवी तर गोदेयो मागा. काकाबेलोसच्या पुढे पिएरोसपाशी वाट फुटते. सरळ डांबरी रस्त्याने न जाता उजवीकडे वाल्तुइये दे आरिबाकडे वळा. थोडं जास्त चालणं आहे, पण बियाफ्रांकापर्यंत मळ्यांमधून जाता येतं. बियाफ्रांकाच्या चर्चला 'क्षमेचं दार' आहे. पुढे चालणं शक्य नसलेल्या आजारी यात्रेकरूंना पूर्वी इथेच सांतियागोचं पुण्य मिळे.

ओ सेब्रेइरोची चढण पावसात केली आणि गॅलिसिया प्रांतात शिरलो. वाटभर दिसणारे पिवळे बाण इथल्याच चर्चचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८०च्या दशकात रंगवायला सुरुवात केली. त्यांचं थडगं इथेच आहे. सरकारी आल्बेर्गे दहा युरो. सारियापासून गर्दी एकदम वाढते, कारण प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी पुरतात. या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के लागतात, हे विसरू नका. बारमध्येही शिक्का मिळतो.

गॅलिसियातल्या जुन्या पद्धतीच्या खानावळींत वाइन पेल्यात नाही, पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत येते. ती रिबेइरो भागातली. मेलिदेत ऑक्टोपसच्या खानावळीत मी ती घेतली, ताईंनी तेलात परतून मीठ भुरभुरलेल्या पाद्रोनच्या मिरच्या आणि पाव. आर्सुआचं मऊ चीज क्विन्स या फळाच्या वडीबरोबर मिळतं, तेही छान.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावसातच सांतियागो गाठलं. आधी यात्रेकरू कार्यालय: मोबाइलवर नोंदणी, मग क्रमांक, मग खिडकी. तिथल्या मुलीने शिक्के एकेक करून तपासले आणि ताईंना हेतू विचारला. ताई म्हणाल्या, "भक्ती," मी भाषांतर केलं. कॉम्पोस्तेला हे लॅटिन प्रमाणपत्र फुकट, अंतराचं प्रमाणपत्र तीन युरो. पाठपिशवी घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, ती आधी ठेवून या. रात्री रिआस बायशास भागातल्या अल्बारिन्यो वाइनचा एक पेला घेतला, समुद्राजवळची पांढरी, लिंबासारखी टवटवीत. ताईंनी माझ्यासाठी तो स्वतः मागवला.

खर्च: वाटेवर माणशी दिवसाला ३५ ते ४५ युरो, त्यात वाइन आली. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. मी मेन्सियाच्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकल्या. भावाने बाटली उघडण्याआधी तारेशिवायच्या वेलींचे फोटो मागून घेतले आणि दोन वेलींतलं अंतर विचारलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट: २५ जुलै हा संत जेम्सचा दिवस रविवारी आला की ते वर्ष पवित्र मानतात, आणि २०२७ तसं वर्ष आहे. त्या वर्षी वाटेवर गर्दी खूप असेल. काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरमध्ये निघायचं असेल तर व्हिसाच्या तारखा मे महिन्यापासूनच बघायला लागा.